नोव्हेंबरला उशीर होतो: न्यू जर्सीतील मराठी डेमोक्रॅट मतदारांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

येत्या २ जून २०२६ रोजी, मंगळवारी, न्यू जर्सीत प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक आहे. मतदान केंद्रे सकाळी सहा ते रात्री आठ उघडी असतील. नोव्हेंबरमध्ये न चुकता डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणाऱ्या आणि जूनमध्ये घरी राहणाऱ्या मराठी मतदारांसाठी हे पत्र आहे. आम्ही याच पक्षाचे काम करतो, ते लपवण्याचे कारण नाही. आमची तक्रार एकच आहे. एडिसन, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर या आपल्या गावांत कोण निवडून येणार हे बहुतेक वेळा जूनमध्येच ठरलेले असते. नोव्हेंबरमध्ये आपण त्यावर फक्त शिक्का मारतो.

महाराष्ट्रात तिकीट वरून येते. शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो, याकडे सगळे गाव डोळे लावून बसते. इथे कायद्याने ते तिकीट पक्षाचा सामान्य मतदार देतो. हा अधिकार आपल्या हातात असूनही आपण तो वापरत नाही आणि मग 'पक्ष आपल्याला विचारत नाही' अशी कुरकुर करतो. जूनच्या मतदार यादीत ज्यांची नावे दिसत नाहीत, त्यांच्या दारावर प्रचारक कशाला येईल? प्रायमरीचा उमेदवार घरांची यादी काढतो ती आधीच्या प्रायमरींत कोणी मतदान केले यावरून. तुम्ही कोणाला मत दिले हे गुप्त असते, पण मतदान केले की नाही आणि कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत केले, याची नोंद असते आणि ती उमेदवारांना मिळते. त्या यादीत नसलेल्या घरी पत्रक येत नाही, फोन येत नाही, कुणी दार वाजवत नाही.

एडिसनचेच घ्या. २००५ च्या जूनमध्ये जुन चोई यांनी दीर्घकाळ महापौर असलेल्या जॉर्ज स्पडोरो यांना प्रायमरीत हरवले आणि नोव्हेंबरमध्ये ते एडिसनचे पहिले आशियाई वंशाचे महापौर झाले. चारच वर्षांनी, २००९ च्या प्रायमरीत, अँटोनिया रिसिग्लियानो यांनी चोईंना हरवले. २०२१ मध्ये समीप उर्फ सॅम जोशी आणि गावातील डेमोक्रॅटिक संघटनेचे अध्यक्ष महेश भगिया असा सामना झाला. दोघेही भारतीय, दोघेही डेमोक्रॅट, आणि तो सामनाही जूनमध्येच झाला. म्हणजे दोन महापौर प्रायमरीत पडले आणि तिसऱ्याची, जोशींची, वाटही प्रायमरीतूनच मोकळी झाली.

यंदा याहून मोठी संधी आहे ती बाराव्या काँग्रेस मतदारसंघात. ट्रेंटन, प्रिन्स्टन, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक हा सगळा पट्टा त्यात येतो. २०१५ पासून तिथल्या खासदार असलेल्या बॉनी वॉटसन कोलमन पुन्हा उभ्या राहणार नाहीत, असे त्यांनी गेल्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केले. मतदारसंघ पक्का डेमोक्रॅटिक आहे, त्यामुळे जूनमध्ये जो जिंकेल तो पुढची अनेक वर्षे त्या जागेवर बसेल. ही जागा याआधी २०१४ मध्ये रिकामी झाली होती. तेव्हाच्या प्रायमरीत चार उमेदवार होते. वॉटसन कोलमन यांना सुमारे १५,६०० मते मिळाली, लिंडा ग्रीनस्टाइन यांना सुमारे १०,१००, आणि आंध्रातून आलेले फ्रँकलिन टाउनशिपचे आमदार उपेंद्र चिवुकुला यांना सुमारे ७,९००. सगळ्यांची मिळून मते ३६ हजारांच्या आसपास. मतदारसंघाची वस्ती सात लाखांच्या वर. इतक्या कमी मतांत दहा वर्षांहून अधिक काळाचा निर्णय झाला. या पट्ट्यातल्या भारतीय मतदारांपैकी थोडे जास्त लोक त्या दिवशी घराबाहेर पडले असते, तर निकाल तोच लागला असता की नाही हे सांगता येत नाही; पण उमेदवारांनी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले असते, हे नक्की.

राज्याच्या पातळीवर डेमोक्रॅटच का, असे विचारणाऱ्यांना एक साखळी दाखवतो. न्यू जर्सीत अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य सरकारी वकील) निवडून येत नाही, राज्यपाल नेमतो. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर घाला घालणारा आदेश काढला. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर इथे जन्मलेल्या बाळाला नागरिक मानायचे नाही, असा तो आदेश. एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेली किती मराठी जोडपी यात सापडतात हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी न्यू जर्सीचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल मॅथ्यू प्लॅटकिन इतर राज्यांना बरोबर घेऊन न्यायालयात गेले. ते जाऊ शकले, कारण त्यांना नेमणारा राज्यपाल डेमोक्रॅट होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारी घोषणाही ट्रम्प यांनीच केली. रिपब्लिकन पक्षाचे न्यू जर्सीतले नेते या दोन्ही वेळी आपल्या लोकांसाठी उभे राहिले नाहीत. ज्या पक्षाने आपल्या मुलांच्या नागरिकत्वावर हात टाकला, त्याला 'करात सूट देतो' एवढ्यावर मत देणे आम्हाला पटत नाही.

पण आपला पक्ष धुतल्या तांदळासारखा आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. वर्षानुवर्षे न्यू जर्सीत काउंटींच्या (जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) पक्षाध्यक्षांनी प्रायमरीचा निकाल मतपत्रिकेच्या मांडणीतूनच लावला. तिला 'लाइन' म्हणत. राज्यातील २१ पैकी १९ काउंटींत ती होती. सेलम आणि ससेक्स या दोनच काउंटी त्याला अपवाद. जुनी मतपत्रिका डोळ्यांसमोर आणा. एका स्तंभात वरपासून खालपर्यंत संघटनेने निवडलेले सगळे उमेदवार: सिनेटर, त्याखाली काँग्रेस, त्याखाली काउंटी कमिशनर (काउंटीचा कारभार पाहणारे), त्याखाली नगर परिषद. संघटनेच्या विरोधात उभा राहिलेला उमेदवार मात्र चार-पाच स्तंभ सोडून कुठेतरी कोपऱ्यात, वर-खाली रिकाम्या चौकटी. साहजिकच मतदार भरलेला स्तंभ पाहून सरळ खाली उतरत जायचा. काही मतदारांना विरोधी उमेदवार सापडायचाच नाही. काही जण एकाच पदासाठी दोन स्तंभांत खूण करायचे आणि ते मत बाद व्हायचे.

२०२४ मध्ये हे मोडले. सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर आरोपपत्र आल्यानंतर त्यांच्या जागेसाठी खासदार अँडी किम उभे राहिले. दुसऱ्या बाजूला राज्यपालांच्या पत्नी टॅमी मर्फी. मोठ्या काउंटींच्या अध्यक्षांनी बघता बघता मर्फींना पाठिंबा जाहीर केला. किम यांनी फेब्रुवारीत फेडरल न्यायालयात दावा लावला. २४ मार्चला मर्फींनी माघार घेतली आणि २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत लाइन छापायला मनाई केली. अपिलातही तो निकाल टिकला. पुढे ६ मार्च २०२५ रोजी राज्यपाल मर्फींनीच नव्या मतपत्रिकेच्या कायद्यावर सही केली. आता प्रत्येक पदाची स्वतंत्र चौकट असते आणि त्या पदाचे सगळे उमेदवार त्या चौकटीत एकत्र असतात. त्या जूनमध्ये राज्यपालपदासाठी सहा डेमोक्रॅट होते आणि मिकी शेरिल सुमारे ३४ टक्के मतांवर जिंकल्या. हडसन काउंटीत रवी भल्ला आणि केटी ब्रेनन यांनी संघटनेच्या उमेदवारांना मागे टाकून विधानसभेची उमेदवारी मिळवली. लाइन असताना हे फार अवघड होते.

संघटनेचा पाठिंबा संपलेला नाही, हेही ध्यानात असू द्या. उमेदवाराच्या नावासोबत सहा शब्दांपर्यंतचे घोषवाक्य छापता येते, आणि काउंटी संघटनेचे नाव त्याच जागी येते. पैसा, पत्रके आणि फोन करणारी माणसे अजूनही संघटनेकडेच आहेत. म्हणून नमुना मतपत्रिका घरी येईल तेव्हा ती कचऱ्यात टाकू नका. दहा मिनिटे बसून प्रत्येक चौकट वाचा. चौकटीच्या वर किती जणांना मत द्यायचे ते लिहिलेले असते. काउंटी कमिशनरच्या चौकटीत बहुधा एकाहून जास्त जागा असतात. तिथे एकालाच मत देऊन पुढे जाणारे बरेच. कमी खुणा चालतात, जास्त मात्र चालत नाहीत: ठरलेल्या संख्येपेक्षा एक खूण जास्त झाली, तर त्या पदापुरते मत बाद. मतदान यंत्र अशी चूक करू देत नाही. घरी आलेल्या कागदी मतपत्रिकेवर मात्र अडवणारे कुणी नसते.

आता कागदपत्रांकडे येऊ, कारण मराठी घरांत खरी गाडी इथेच अडते.

न्यू जर्सीची प्रायमरी बंदिस्त आहे. डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेल्यालाच डेमोक्रॅटिक मतपत्रिका मिळते. राज्यातले सुमारे एक तृतीयांश मतदार कुठल्याच पक्षात नोंदलेले नाहीत, त्यांना 'अनअफिलिएटेड' म्हणतात. नागरिकत्वाची शपथ झाली, त्याच दिवशी मतदार अर्ज भरला आणि पक्षाची चौकट रिकामी ठेवली, अशी आपली कितीतरी माणसे यात आहेत. अशा मतदाराची वाट सोपी आहे. २ जूनला केंद्रावर जायचे, 'डेमोक्रॅटिक' म्हणून सांगायचे, सही करायची, मतदान करायचे. त्या क्षणापासून तुमची नोंद डेमोक्रॅट म्हणून होते. नंतर पुन्हा अनअफिलिएटेड व्हायचे असेल तर त्याचाही फॉर्म आहे. 'शिक्का बसेल' या भीतीने मागे राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ज्यांची नोंद रिपब्लिकन म्हणून आहे, त्यांना केंद्रावर पक्ष बदलता येत नाही. प्रायमरीच्या ५५ दिवस आधी, म्हणजे ८ एप्रिलपर्यंत, पक्षनोंदणीचा फॉर्म काउंटीच्या मतदार नोंदणी कार्यालयात किंवा गावच्या म्युनिसिपल क्लार्ककडे पोचला पाहिजे. कुणा मित्राच्या आग्रहाखातर कधी एकदा दुसऱ्या प्रायमरीत मत दिले असेल आणि ते विसरूनही गेला असाल, तर तुमची नोंद तशीच राहिलेली असते. राज्याच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मतारीख टाकून आजच पाहा. घर बदलले असेल तर पत्ताही तपासा. नव्याने मतदार म्हणून नाव घालायचे असेल तर २१ दिवस आधी, म्हणजे १२ मेपर्यंत.

टपाली मतपत्रिकेत सगळ्यात जास्त मते वाया जातात, म्हणून त्यावर थोडे जास्त लिहितो. कायमस्वरूपी टपाली यादीत असलेला अनअफिलिएटेड मतदार प्रायमरीच्या मतपत्रिकेची वाट पाहत बसतो आणि ती येत नाही. त्याला येते ते पक्ष सांगण्याविषयीचे पत्र. ते भरून परत पाठवल्याशिवाय मतपत्रिका निघत नाही. टपालाने मतपत्रिका मागवायची शेवटची तारीख २६ मे. काउंटी क्लार्कच्या कार्यालयात स्वतः जाऊन १ जूनला दुपारी तीनपर्यंत घेता येते.

पाकिटे दोन असतात. मतपत्रिका आतल्या पाकिटात, आणि त्या पाकिटाला जोडलेला प्रमाणपत्राचा कागद. त्या कागदावर सही करायची आणि तो फाडायचा नाही. मग ते बाहेरच्या पाकिटात. घाईत लोक सही विसरतात, किंवा बिलाचा तुकडा फाडावा तसा तो कागद फाडून काढतात. नवरा-बायकोची पाकिटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकमेकांत मिसळतात आणि एकाचे मत दुसऱ्याच्या पाकिटात जाते. एकाचे पाकीट पूर्ण बंद करून बाजूला ठेवावे, मगच दुसरे उघडावे. सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडली जाते. पंधरा वर्षांपूर्वी पूर्ण नाव लिहून सही केली होती आणि आता दोन अक्षरांचा फराटा मारत असाल, तर हरकत येऊ शकते. तशी आली तर काउंटीकडून पत्र आणि फॉर्म येतो. तो मुदतीत सही करून परत पाठवला की मत मोजले जाते. ते पत्र जाहिरात समजून बाजूला टाकू नका.

भरलेले पाकीट टपालाने पाठवले तर त्यावर २ जूनपर्यंतचा शिक्का हवा आणि ते सहा दिवसांत, ८ जूनपर्यंत, पोचायला हवे. पेटीत टाकले त्याच दिवशी शिक्का पडेल याचा भरवसा धरू नका. शेवटच्या आठवड्यात सरळ काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाका, २ जूनच्या रात्री आठपर्यंत चालते. मतदान केंद्रावर ते पाकीट घेत नाहीत. टपाली मतपत्रिका मागवली आणि तरीही केंद्रावर गेलात, तर यंत्रावर मत देता येत नाही, प्रोव्हिजनल (पडताळणीनंतर मोजली जाणारी) मतपत्रिका देतात. दुसऱ्याचे पाकीट नेऊन द्यायचे असेल तर एका माणसाला तीन मतदारांचीच नेता येतात. एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या कुटुंबीयांची असतील तर पाच. नेणाऱ्याचे नाव आणि सही पाकिटावर लागते. उमेदवाराला स्वतःच्या कुटुंबाबाहेरचे पाकीट नेता येत नाही. म्हणून 'द्या, आमचा माणूस सगळ्या सोसायटीची पाकिटे घेऊन जाईल' असे कोणी म्हणाले, तो कितीही ओळखीचा असला तरी, नम्रपणे नाही म्हणा.

घरातल्या दोन पिढ्यांविषयी. आई-वडील नागरिक झाले आहेत पण इंग्रजी वाचायला अडचण आहे, आणि मराठीत मतपत्रिका नाही, म्हणून ते जात नाहीत. फेडरल कायद्याने अशा मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस बरोबर नेता येतो. मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी एवढेच त्यातून वगळलेले आहेत. मुलगा, सून, शेजारी कोणीही चालेल. दुसरी पिढी म्हणजे सतरा वर्षांची मुले. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या कायद्याने, नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणाऱ्या सतरा वर्षांच्या नागरिकाला प्रायमरीत मत देता येते आणि तो नियम या वर्षापासून लागू झाला आहे. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात असलेल्या आपल्या मुला-मुलींची ही पहिलीच संधी. १२ मेची नोंदणीची मुदत नेमकी हायस्कूलच्या एपी परीक्षांच्या दिवसांत येते, म्हणून हे काम मार्चमध्येच उरकून घ्या.

इथे एक कडक सूचना. ग्रीन कार्डवर असाल किंवा एच-वन-बीवर, मतदार म्हणून नाव नोंदवू नका. गाडीच्या परवान्याच्या कार्यालयात समोरच्या माणसाने विचारले म्हणून 'हो' म्हणू नका. चुकून झालेली नोंदसुद्धा पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येते. पैसे देण्याचाही नियम वेगळा आहे. ग्रीन कार्डधारक उमेदवाराला देणगी देऊ शकतो. एच-वन-बीवरचा माणूस किंवा भारतातून आलेले आई-वडील देऊ शकत नाहीत, नगर परिषदेच्या उमेदवारालासुद्धा नाही. मित्राच्या कार्डावरून पैसे भरून नंतर त्याला रोख द्यायचे, हा तर सरळ गुन्हा. बिनपगारी काम मात्र सगळ्यांना करता येते: फोन करणे, पत्रके वाटणे, शनिवारी दारोदार फिरणे.

मतदानाच्या पुढची पायरी म्हणजे पक्षाची काउंटी कमिटी. तिची ताकद आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. प्रत्येक गाव छोट्या इलेक्शन डिस्ट्रिक्टमध्ये विभागलेले असते. एक डिस्ट्रिक्ट म्हणजे साधारण एक-दोन वसाहती. प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून प्रत्येक पक्षाचे सहसा दोन कमिटी सदस्य प्रायमरीत निवडून जातात, काउंटीच्या नियमांप्रमाणे दोन किंवा चार वर्षांसाठी. हेच सदस्य गावचा आणि काउंटीचा पक्षाध्यक्ष निवडतात. पाठिंबा कोणाला द्यायचा हे अधिवेशनात तेच ठरवतात. काही काउंटींत अध्यक्ष एकटा ठरवतो, पण त्या अध्यक्षालाही निवडतात हेच लोक. आणि जागा मध्येच रिकामी झाली की ती भरायचा अधिकार यांचाच. राज्याच्या विधिमंडळातील जागा रिकामी झाली तर त्या मतदारसंघातले कमिटी सदस्य ३५ दिवसांत नवा आमदार निवडतात. पक्षीय निवडणूक असलेल्या गावात नगर परिषदेची जागा रिकामी झाली, तर ज्या पक्षाची ती जागा त्याची स्थानिक कमिटी १५ दिवसांत तीन नावे सुचवते आणि परिषद त्यातून एक घेते. ३० दिवसांत परिषदेने निवड केली नाही तर कमिटी स्वतः नेमते. राजीनामा देऊन आपल्या माणसाला मधल्या वाटेने बसवायचे आणि पुढच्या प्रायमरीला त्याने 'विद्यमान' म्हणून उभे राहायचे, हा न्यू जर्सीतला जुना रस्ता आहे. तो अडवायचा तर कमिटीत बसावे लागते.

अनेक गावांत या जागा बिनविरोध जातात, काही तर रिकाम्याच राहतात आणि मग अध्यक्षांच्या मर्जीतली माणसे त्या भरतात. उभे राहायला पैसा लागत नाही. म्युनिसिपल क्लार्ककडून पिटिशनचा (सह्यांसह द्यायच्या उमेदवारी अर्जाचा) फॉर्म घ्यायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या: यंदा आपल्या काउंटीत कमिटीची निवडणूक आहे का, आपला डिस्ट्रिक्ट क्रमांक कोणता, आणि सह्या किती लागतील. सह्यांचा आकडा डिस्ट्रिक्टप्रमाणे बदलतो आणि बहुधा लहानच असतो. पण लागतील त्याच्या दुप्पट गोळा करा. सही बाद होण्याची कारणे ठरलेली आहेत: सही करणारा शेजारी रस्त्याच्या पलीकडच्या दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधला निघतो, त्याची नोंद रिपब्लिकन निघते, तो नागरिकच नसतो, यादीत पूर्ण नाव असते आणि तो 'बाळू' म्हणून सही करतो. यादी हातात घेऊनच दार वाजवा. सह्या गोळा करणाऱ्याचे शपथपत्र विसरू नका. ते नसेल तर सगळा कागद फुकट. यंदाची मुदत २३ मार्च, दुपारी चार. ती चुकली आणि जागेवर कोणीच उमेदवार नसला, तर २ जूनला स्वतःचे नाव लिहून मत देण्याची सोय आहे. मात्र पिटिशनला जितक्या सह्या लागल्या असत्या, निदान तितकी तरी लेखी मते मिळावी लागतात. एका वसाहतीतल्या सात-आठ घरांनी ठरवले तर हे सहज होते.

मराठी मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. गणेशोत्सवाला आलेल्या नेत्याला शाल-श्रीफळ देऊन फोटो काढणे यात गैर काही नाही, पण ५०१(सी)(३) या धर्मादाय संस्थांच्या करसवलतीच्या कलमाखाली नोंदलेल्या मंडळाला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. प्रायमरीच्या तोंडावर एकट्याच उमेदवाराला मंचावर बोलावले, तर मंडळाची करसवलत धोक्यात येते. सर्व उमेदवारांना निमंत्रण देऊन सारखाच वेळ देणारी चर्चा मात्र ठेवता येते. मतदार नोंदणीचे टेबलही लावता येते, पक्षाचे नाव न घेता. पक्षाचे काम आमच्यासारख्यांनी सभागृहाबाहेर, स्वतःच्या नावावर करावे.

चर्चा ठेवलीत तर प्रश्न योग्य माणसाला विचारा. ग्रीन कार्डच्या रांगेचा जाब नगर परिषदेच्या उमेदवाराला विचारून उपयोग नाही. एका देशाला सात टक्के ही मर्यादा काँग्रेसच्या कायद्यात आहे, तेव्हा बाराव्या मतदारसंघाच्या प्रत्येक उमेदवाराला विचारा: ती काढण्याच्या विधेयकाला तुमचे नाव सहप्रायोजक म्हणून लागेल का, हो की नाही? काउंटी कमिशनरकडे काउंटीचे रस्ते, उद्याने आणि काउंटी कॉलेज. एडिसन अकॅडमीसारख्या मॅग्नेट (निवडक प्रवेशाच्या) शाळाही काउंटीच्याच, त्यामुळे प्रवेशाच्या जागा वाढवण्याचा आणि उद्यानात क्रिकेटची खेळपट्टी देण्याचा प्रश्न त्यांना. गोदामांच्या परवानगीचा प्रश्न महापौरांना, कारण प्लॅनिंग बोर्डावर बहुतांश माणसे तेच नेमतात. एनजे ट्रान्झिट या राज्याच्या रेल्वे-बस सेवेने जुलै २०२४ मध्ये भाडे १५ टक्क्यांनी वाढवले आणि त्यानंतर दर वर्षी तीन टक्के वाढ ठरवून टाकली. तो प्रश्न आमदार आणि राज्यपालांना. राज्यात घरपट्टीचे सरासरी बिल २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या पुढे गेले. त्या बिलाचा मोठा वाटा शाळांचा असतो, आणि शाळा मंडळाला प्रायमरी नसते, त्याची निवडणूक नोव्हेंबरमध्ये बिगरपक्षीय होते. हा फरक माहीत नसल्यामुळे सभेत अर्धा वेळ 'हे आमच्या हातात नाही' हेच ऐकण्यात जातो.

उत्तरे लेखी मागा आणि टपाली मतपत्रिका लोकांच्या घरी पोचण्याच्या आत गटात पाठवा. मतपत्रिका भरून गेल्यावर आलेल्या उत्तराचा कोणाला उपयोग नाही.

आपले,
मिडलसेक्स काउंटीतील मराठी डेमोक्रॅट कार्यकर्ते